रंभाचा लखी रुपया

रंभाशी माझी ओळख भांडणातून झाली. वालीवच्या एका प्रेसच्या कारखान्यात आम्ही दोघी चेकिंगच्या टेबलावर होतो. मी पापडीची रोझलीन, ती अर्नाळ्याची कोळीण. पहिल्याच आठवड्यात मी पास केलेल्या मालातून तिने चौदा पीस वेचून काढले आणि सुपरवायझरपुढे ओळीने मांडले. मी तिला म्हटलं, बाई, तुझ्या डोळ्यात काय दुर्बीण बसवली आहे का? ती म्हणाली, तुझ्या डोळ्यात काय बसवलंय ते आधी सांग. पुढे चोवीस वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. तरी ते चौदा पीस मी विसरलेले नाही, आणि तीही नाही. विसरणं तिच्या स्वभावातच नाही.

आमच्याकडे वॉशर, बिल्ले, बकलं असला माल यायचा. पोलादाचा ठसा, म्हणजे डाय, पत्र्यावर आपटायची आणि पीस पडायचा. आम्ही तो बघायचा. मी आपली चांगला की वाईट एवढंच बघायची. रंभा पीस बोटांत फिरवून म्हणायची, ही तीन नंबरची डाय, हिला जेवणाच्या सुट्टीनंतर चीर गेलीय. डायला चीर गेली की पत्रा दाबाने त्या चिरेत शिरतो, आणि पिसावर केसासारखी रेघ उभी राहते. रोज ती रेघ थोडी थोडी वाढते. रंभा ती रेघ बघून डाय किती दिवस टिकेल ते सांगायची आणि सुपरवायझर तिला वेड्यात काढायचा. दोन हजार आठ साली अशीच एक डाय फुटली आणि तिची कपची रंभाच्याच उजव्या डोळ्यात गेली. ऑपरेशन झालं, डोळा वाचला. कारखान्याने हात वर केले होते. पैसे कुठून आले विचारलं तर तिचा नवरा रामू म्हणाला, एका मोठ्या बोटीच्या नाखव्याने उचल दिली.

रामू म्हणजे गरीब गाय. त्याला काही विचारलं तर भरती येऊन ओहोटी लागायची, मग कुठे उत्तर यायचं. त्याचा थोरला भाऊ काशीराम याच्या अगदी उलट. डाव्या हाताची करंगळी दोराच्या चरकात अर्धी गेलेली, ती नाचवत अख्ख्या किनाऱ्याला अक्कल शिकवायचा. दोघांची मिळून बापाची एक होडी होती, आणि त्या होडीच्या पोटात एक रुपया होता.

त्यांच्या घराण्यात रीत आहे. डोलकाठी ज्या लाकडी ठोकळ्यात उभी राहते, त्याच्या खाचेत तापवलेली राळ ओतायची, राळेवर चांदीचा रुपया ठेवायचा आणि वर काठी बसवायची. होडी म्हातारी होऊन मोडली की रुपया नव्या होडीत जातो. ठोकळा मात्र जाळायचा नाही, विकायचा नाही, त्याच्या खाचेतल्या राळेलाही हात लावायचा नाही. त्याची एक पाचर काढून नव्या होडीत मारायची. मग समुद्र त्या घराला ओळखतो म्हणे. मी चर्चला जाणारी बाई, पण असल्या गोष्टींना मी हसत नाही. आमच्याकडेही नव्या होडीवर फादर पवित्र पाणी शिंपडतात.

यांचा रुपया साधा नव्हता. तो लखी होता, लाखात एक पडणारा. टांकसाळीत कधी कधी आधीचा रुपया वरच्या डायला चिकटून राहतो आणि पुढचा त्याच्याच खाली दाबला जातो. मग एका बाजूला राणी नेहमीसारखी वर आलेली, आणि दुसऱ्या बाजूला आकड्या-अक्षरांच्या जागी तीच राणी, खोल गेलेली, आरशात पाहावी तशी उलटी. वादळात डोलकाठी मोडली तेव्हा काठी बदलताना हा रुपया एकदाच बाहेर निघाला होता. जुनी राळ खरवडून नवी ओतली, घरातल्या बायकांनी हळदकुंकू वाहिलं. रंभाला कारखान्यात लागून तेव्हा चार वर्षं झाली होती, डोळ्याच्या अपघाताच्या बऱ्याच आधी. तिने काय करावं? रुपया उचलला आणि पीस तपासावा तसा उन्हात तिरपा धरला. सासू ओरडली. तोवर हिचं बघून झालं होतं. राणीच्या मुकुटापासून काठापर्यंत डायच्या चिरेची बारीक रेघ, आणि काठावर आजेसासऱ्याच्या हातून तासणी लागून उडालेला टवका.

दोन हजार तेरा साली होडी मोडायला काढली. काशीरामने चार माणसांदेखत काठी उपटली, ठोकळा उघडला, तर खाच रिकामी. काशीराम म्हणाला, चोर घरातलाच हाय. होडी सांभाळायला रामू असायचा, तेव्हा सगळ्यांच्या माना रामूकडे वळल्या. आणि रामू गप्प. हो म्हणेना, नाही म्हणेना. त्याच्या त्या गप्प राहण्यावरच निकाल लागला. होडीचा परवाना, जाळी, सगळं काशीरामकडे गेलं. रामू पुन्हा होडीत चढला नाही. विरारला एका इमारतीवर वॉचमन झाला आणि सहा वर्षांनी तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मयताला आलेला एकजण रंभाच्या कानावर पडेल इतक्या आवाजात म्हणाला, बिचारा, एक चूक झाली हातून.

तेराव्याला मी गेले तेव्हा रंभा रडत नव्हती. ती म्हणाली, "रोझी, मला काशीराम पायजे." बाजारातून पापलेट आण म्हणावं इतक्या सरळ आवाजात.

मी तिला समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, सोडून दे, देव बघतोय. ती म्हणाली, देवाला बघू दे, मीही बघते. मग तिने मला जे सांगितलं ते तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नसेल. रामू त्या दिवशी एक शब्दही का बोलला नाही, हे तिला कळत नव्हतं. सहा वर्षं ती त्याला विचारत होती आणि तो उठून बाहेर जात होता. "एकदा माझ्याबी मनात आलं, यानंच तर नाय घेतलं," ती म्हणाली. तेवढ्यासाठी तिचा काशीरामवर दुप्पट राग होता. रामूवर चोर म्हणून गावाने संशय घेतला ते एक, पण स्वतःच्या बायकोनेही घ्यावा ही वेळ त्याने आणली होती.

मग तिने नाण्यांचा नाद घेतला. लोकांना वाटलं, विधवा बाई, मन रमवते. रविवारी वसईत जुनी नाणी जमवणारे लोक जमतात, त्यांच्यात ही जाऊन बसायला लागली. कारखान्यातलं तिचं भिंग होतंच. सुरुवातीला ते हसले. सहा महिन्यांत हसू थांबलं. राणीछाप रुपयावर सन अठराशे बासष्टचा असला तरी टांकसाळीने तोच सन पुढे बरीच वर्षं चालवला आणि बारीक ठिपके देऊन खरी सालं वेगळी ठेवली असं म्हणतात; ते ठिपके ही नुसत्या डोळ्याने मोजायची. दोन रुपये एकाच डायचे का, आणि त्यातला आधी कुठला पडला, हे रेघेच्या लांबीवरून सांगायची. खोटे लखी तर तिला वासावरून कळायचे. बदमाश लोक चांगल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून शिकंज्यात आवळतात. खोल छाप उठतो खरा, पण मागच्या बाजूची राणी चेपून सपाट होते. हिने नाणं उलटं करायचं, नाक सपाट झालेली राणी दाखवायची आणि म्हणायचं, हिला कुणीतरी मारलंय.

अल्पेश म्हणून एका व्यापाऱ्याचं वसईत दुकान आहे. तो तिच्याकडून नाणी तपासून घ्यायचा. ती एक पैसा घ्यायची नाही. मी चिडायचे, हा तुझ्या डोळ्यांवर बंगला बांधेल. ती म्हणायची, एक दिवस मागेन.

तो दिवस यायला चार वर्षं लागली. गेल्या वर्षी अल्पेशने एक लखी तिच्यापुढे ठेवला. त्यानेच पूर्वी विकत घेऊन सुरतच्या एका शौकिनाला विकला होता, आता तो परत आला होता आणि लिलावात टाकण्याआधी मावशीचा होकार हवा होता. मी शेजारीच बसले होते. रंभाने भिंग लावलं, आणि मग भिंग खाली ठेवलं. मुकुटापासून काठापर्यंत रेघ. काठावर टवका. तिने तो रुपया मुठीत धरला आणि विचारलं, पहिल्यांदा कुणाकडून घेतलास? अल्पेश आठवून म्हणाला, दोन हजार अकराची गोष्ट, अर्नाळ्याचे कोणी काका होते, नाव नाही लक्षात, पण ही करंगळी अर्धी होती.

दोन हजार अकरा. त्या साली होडीचं इंजिन बदललं होतं आणि काठी काशीरामने एकट्याने उतरवली होती. दोन वर्षांनी रिकामी खाच सगळ्यांना दाखवणाराही तोच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

चोरीचा माल म्हटल्यावर अल्पेशचं तोंड पांढरं पडलं. रंभाने रुपयाच्या बदल्यात हातातल्या दोन पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने एक परत दिली, त्याचं तेवढं मन चांगलं म्हणायचं. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता काशीरामच्या तोंडावर मारू. रंभा मला म्हणाली, तू अजून तसेच पीस पास करतेस. तो म्हणेल हा दुसराच रुपया. गाव म्हणेल करंगळ्या काय कमी जणांच्या तुटल्यात. तिला जोडीचा पुरावा हवा होता, आणि तो कुठे आहे हे तिला ठाऊक होतं.

तो काशीरामच्या ओटीवर होता. होडीचा जुना ठोकळा तिथे पालथा पडलेला असायचा आणि काशीराम त्याच्यावर बसून जाळी विणायचा. राळ खाली, जमिनीकडे. हा माणूस रुपया विकायला घाबरला नाही, पण लाकूड जाळायला घाबरला. बापाची रीत मोडायची हिंमत त्याला अर्धीच होती. आणि इतकी वर्षं भाड्याच्या होडीवर काढून आता त्याची नवी होडी तयार होत होती, म्हणजे पाचर काढायला ठोकळा किनाऱ्यावर येणार, सगळ्यांसमोर उलटा होणार. रंभाने पाच महिने वाट बघितली. त्या पाच महिन्यांत ती काशीरामच्या घरच्या एका हळदीला गेली, जेवली, आणि ठोकळ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मला त्या दिवसांत तिची भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायची.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात ढकलायचा दिवस ठरला. सकाळचे दहा वाजले असतील. सुक्या बोंबलांच्या काठ्या मागे, समोर किल्ल्याचं बेट, आणि मध्ये पन्नास-साठ माणसं. होडी बांधणारा सुतार सॅन्टनकाका, सत्तरीचा, आमच्याच धर्माचा; त्याचा शब्द हिंदू-ख्रिश्चन दोन्हीकडे चालतो. काशीरामने कोरा चांदीचा रुपया आणला होता, पेढीवरून. सॅन्टनकाकाने पाचर काढायला जुना ठोकळा उलटा केला, आणि रंभा पुढे झाली. तिने पदराची गाठ सोडली, जुना रुपया ठोकळ्याशेजारी ठेवला आणि म्हणाली की घरचा रुपया असताना बाजारचा कशाला.

काशीराम क्षणभर खूश झाला, त्याला वाटलं रामूची बायको नमतं घ्यायला आली. मग त्याला रुपया दिसला. खाई त्याला खवखवे. त्याने करंगळीचा हात पाठीमागे नेला. हा कुठला, हा आपला नव्हेच, असे रुपये ढीगभर मिळतात, असं तो बोलत राहिला. रंभाने त्याला बोलू दिलं. तिने रॉकेलचा बोळा फिरवून राळेवरची काजळी काढली, गोणपाट डोक्यावर ओढून अंधार केला आणि मला म्हणाली, रोझी, बॅटरी आडवी धर. चोवीस वर्षं आम्ही तशीच धरली होती. उजेड आडवा आला की सपाट वाटणारी गोष्टही सावली टाकते.

राळेत राणी होती. साध्या नाण्याचा छाप पडला असता तर तो खोल असता. ही वर आलेली होती, नाकाडोळ्यांनिशी. लखीच्या खोल बाजूशिवाय असा छाप पडत नाही. मुकुटापासून काठापर्यंत रेघही होती. तिने सॅन्टनकाकाला गोणपाटाखाली घेतलं, दाखवलं. काका बाहेर येऊन एवढंच म्हणाला की रुपया इथलाच आहे. रंभाने बोलावून आणलेला अल्पेश मागे उभा होता, त्याला मी कोपराने ढोसलं. त्याने मान खाली घालून सांगितलं की रुपया विकायला हेच काका आले होते.

काशीराम आता कोपऱ्यात सापडला होता. तिथे त्याने शेवटचं हत्यार काढलं.

"रामूनं काढला व्हता," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्याच्या टायमाला. काठी कलती करून काढताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला. इचार त्या राळेला."

रंभा पुन्हा गोणपाटाखाली गेली. मी बॅटरी धरून होते, म्हणून तिचं तोंड मलाच दिसलं. शंकेचा पीस आला की ती श्वास धरायची, तसा धरला. मलाही दिसलं, तिने बोट ठेवल्यावर. काठावरच्या टवक्याची खूण राळेत एका जागी नव्हती. दोन होत्या. एक वर, अर्धी बुजलेली. दुसरी बाजूला, स्वच्छ. रुपया एकदा निघाला होता, आणि थोडा फिरून पुन्हा बसला होता.

तिथे ते वाचता येणारी ती एकटीच होती. सॅन्टनकाकाला राणी दिसली, रेघ दिसली, यापलीकडे काही कळलं नसतं. काशीराम खोटं बोलतो असं तिने म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. मी तर डोळ्यांनी तिला तेच सांगत होते, बाई, पास करून टाक. पण ज्या बाईने माझे चौदा पीस सोडले नाहीत ती नवऱ्याचा काय सोडणार. तिने गोणपाट फेकून दिलं.

"भाऊजी खरं बोलले," ती म्हणाली. "दोनदा निघालाय. पयल्यांदा रामूनं काढला. माझ्या डोळ्यासाठी कुठं तरी गहान ठेवला आनि सोडवून परत बसवला. ही बघा परत बसवल्याची खून. चोर परत बसवत नाय. दुसऱ्यांदा काढला त्याची परत बसवल्याची खून नाय. तो रुपया अल्पेशशेठच्या दुकानात निघाला."

मग ती काशीरामच्या अगदी समोर गेली. "तुम्ही बघितलं व्हतं. म्हनून तुम्हाला ठाऊक, त्याला चोर म्हटलं तरी तो गप ऱ्हाईल."

माणसं एकेक करून त्याच्यापासून लांब सरकली. सॅन्टनकाकाने तासणी खाली ठेवली आणि पाचर काढायला नकार दिला. कोणी तरी म्हणालं, रंभा, झालं गेलं, बसव तो रुपया, होडीचा काय दोष. तिने रुपया उचलून पदराला बांधला. होडी पाण्यात गेली, पण पेढीवरचा रुपया घेऊन.

परत येताना रिक्षा आगाशीच्या पुढे आल्यावर ती अचानक म्हणाली, "मेल्यानं चोर म्हनवून घेतलं, पन मला सांगितलं नाय." आणि मग रामू गेल्यानंतर पहिल्यांदा ती रडली, दोन्ही डोळ्यांनी. मी तिला रडू दिलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला मी समोर बघायला सांगितलं.

पुढची गोष्ट दोन महिन्यांनंतरची. काशीरामच्या होडीवर खलाशी टिकेनात. काठीच्या बुडाला हात लावून चढायची त्यांची सवय, आणि आता तिथे हात लावताना प्रत्येकाला आठवायचं की आत काय नाही. एका दुपारी मी रंभाकडे एक अधेली, म्हणजे जुनं अर्ध्या रुपयाचं नाणं, दाखवायला गेले होते, चहा चुलीवर होता, आणि दारात काशीराम आला. डोक्यावर ठोकळा घेऊन, चालत. त्याने तो अंगणात ठेवला आणि रुपया मागितला. रंभा दारातच उभी राहिली. आधी काय ते बोला, म्हणाली.

"रामू चोर नव्हता," काशीराम म्हणाला.

"ऐकू नाय आलं."

रंभाचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. काशीराम पुन्हा म्हणाला. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, तेव्हा शेजारच्या बायका हातातली जाळी टाकून कुंपणाशी आल्या. तिला तरी ऐकू आलं नाही. चहा उतू गेला, मी उठले नाही. मी आत बसून बोटांवर मोजत होते. दोन हजार तेरा ते चोवीस, अकरा वर्षं. अकराव्यांदा काशीरामचा आवाज फाटला, आणि रंभा म्हणाली, हां, आता आलं.

त्याने हात पुढे केला, करंगळीचाच. रुपया तेव्हा आत भिंतीवर, रामूच्या फोटोच्या चौकटीत खोचलेला होता, दारातून दिसत होता. रंभाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"रुपया रामूचा हाय, भाऊजी. त्याला इचारून सांगते," ती म्हणाली. "वेळ लागंल. तो लवकर बोलत नाय, तुम्हाला ठाऊक हाय."

मग तिने दार लावलं, हात पुसले आणि माझी अधेली भिंगाखाली घेतली.